कौल की कॉल?

पार्से, ता. पेडणे
बुधवार, ११ ऑगस्ट २०१०

तीर्थस्वरूप कमलाक्षीताईस धाकट्या कृष्णनाथचा वाकून नमस्कार. पावसामुळे तुमच्या डिचोलीचे धूळ उडवणारे खनिजाचे ट्रक बंद, तेव्हा तुझा खोकला बरा असावा. (नसला तर आल्याचा काढा घे.) मी ठीक आहे असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं कशाला?

दोन तारखेला नववीत व्याकरण शिकवत होतो. मागच्या बाकावर गौरवी मांडीवर मोबाइल घेऊन बसलेली. या यंत्रानं आधीच माझ्या डोक्याला ताप दिलाय! दरडावलं तर म्हणते, "सर, कौल येतलो." मला ऐकू आलं, कॉल. झालं! 'दूरध्वनी' हा सुंदर शब्द असताना कॉल कशाला, यावर मी पंचवीस मिनिटं बोललो (छान बोललो, हे सांगायची लाज वाटते) आणि फोन कपाटात कोंडला. पोरगी रडू लागली, तेव्हाही मला वाटलं, भाषणाचा परिणाम.

अगं, ती खरंच कौल म्हणत होती! त्या दुपारी तिच्या आजीचं पोटाचं ऑपरेशन. म्हातारी हटून बसलेली, देवानं उजवा कौल, म्हणजे होकार, दिल्याशिवाय गाडीत पाय ठेवणार नाही. बाप कौल लावायला सावंतवाडीकडे मूळ गावी गेलेला, आणि घरातला दुसरा फोन पोरीजवळ, कळताच तिनं आजीकडे धावायचं. कौल उजवाच आला. बापानं अकरा वेळा फोन केला, मी समास सोडवत राहिलो. ऑपरेशन नऊ दिवस पुढे गेलं आणि म्हातारी तेवढे दिवस कळा सोसत पडली. ताई, मला अन्न गोड लागत नाही. घरी जाऊन तिच्या पाया पडलो, तर म्हणाली, "मास्तर, आधी तुमचे कान तपासून घेवा."

तुझा,
कृष्णनाथ

ता. क. : ऑपरेशन आज सकाळी होतं. झाल्याबरोबर कळवतो, असं गौरवीच्या बापानं वचन दिलेलं, म्हणून मी फोन खिशात ठेवला. तो भर वर्गात वाजला! घेण्याच्या गडबडीत कट झाला. छत्तीस पोरं माझ्याकडे बघत राहिली. एकही हसलं नाही, तेच वाईट. मी मुकाट्यानं उठून फोन कपाटात ठेवला आणि किल्ली मुख्याध्यापिका प्रभावतीबाईंना दिली. मधल्या सुट्टीत मागायला गेलो, तर म्हणाल्या, "नियम तुमचाच ना, सर? पालकानं स्वतः येऊन न्यायचा."

आणखी एक : आई-बाबांमागे मला पालक म्हणून तूच. हे पत्र दीडच्या डिचोली बसच्या कंडक्टरकडे देतोय. ती बस परत फिरेल, तेव्हा तिनंच ये. म्हातारी वाचली की नाही, ते त्या कपाटात आहे.