सरईटोल्याचा वकील

विजय नगर, जबलपूर
रविवार, २० एप्रिल २०२५

चि. एकता हिस,
सप्रेम जय भीम.

तीन किलोमीटरवर राहणाऱ्या मुलीला पत्र लिहिणारा बाप तू पाहिला नसशील. पण फोन तू उचलत नाहीस. ऑफिसात आलो की तुझी मोना मला 'विधायकजी' म्हणत पाणी देते आणि तू आत बसलेली असतानाही 'मॅडम कोर्ट में हैं' सांगते. तिला रागावू नकोस. खोटं बोलताना बिचारीचे कान लाल होतात, माझे कधी झाले नाहीत. मराठीत लिहितो आहे, कारण हिंदीत लिहायला बसलो की माझं निवेदनच तयार होतं. तू बोलायला कंटाळतेस, पण वाचतेस चांगलं.

आईचे गुडघे तसेच आहेत. डॉक्टरने जिने चढू नका म्हटलंय, म्हणून ती दिवसातून चारदा गच्चीवर जाते.

गेल्या सोमवारी जयंती झाली. दहा वर्षं मंचावर बसलो, यंदा खाली तिसऱ्या रांगेत. निवेदकाने माझं नाव घेतलं, पण गजभियेऐवजी गजघाटे म्हणाला. मला राग आला. बघ, अजून येतो. दीड वर्ष झालं निवडणूक हरून, तरी कोणी हार घेऊन चाललं की माझी मान आपोआप पुढे होते.

तू पाठवलेलं शपथपत्र मंगळवारी मिळालं. सरईटोल्याची केस अकरा वर्षांनी पुन्हा उभी करायला निघालीस, आणि त्यासाठी चूक माझी होती असं मी शपथेवर सांगावं, एवढंच मागितलंस. मसुदा चांगला आहे. मी तुला चेंबरमध्ये शिकवलं त्याहून चांगला. फक्त चौथ्या परिच्छेदात तू 'नजरचुकीने' लिहिलंस, तिथे अडलो.

नजर चुकली नव्हती, बेटा. २०१२ साली त्या एक्केचाळीस घरांसाठी मी हायकोर्टात उभा राहिलो, तलावात जाणाऱ्या जमिनीवर स्थगिती आणली आणि त्याच पुण्याईवर पुढच्या वर्षी निवडून आलो. २०१४ च्या जुलैत केस पुकारली तेव्हा मी भोपाळला अधिवेशनात होतो. वकील गैरहजर म्हणून केस खारिज झाली, स्थगितीही गेली. इथवर तुला माहीत आहे. पण तीस दिवसांत अर्ज दिला असता तर केस परत जागेवर आली असती. अर्ज टाइप होऊन माझ्या टेबलावर पडला होता. त्याच महिन्यात माझं नाव मंत्रिपदासाठी चालू होतं, आणि सरकारचा तलाव अडवणारा माणूस मंत्री होत नसतो. तीस दिवस गेले. मंत्रीही झालो नाही.

गावाला मी काही सांगितलं नाही. तलावाचं काम रखडलं, मला वाटलं सुटलो. आता भिंत पूर्ण होत आली आहे आणि येत्या पावसाळ्यात पाणी भरेल.

सहाव्या परिच्छेदात तू लिहिलंस की केस खारिज झाल्याचं गावकऱ्यांना या फेब्रुवारीपर्यंत माहीत नव्हतं. सगळी मदार त्यावरच आहे. माहीत नव्हतं, तरच कोर्ट अकरा वर्षांचा उशीर माफ करेल. गावाला माहीत नाही हे मीच तुला सांगितलं होतं आणि माझी तशीच समजूत होती. सही करण्याआधी एकदा त्यांची माफी मागावी असं मनात आलं. आई म्हणाली, "आता काहून जाऊन राहिले तुम्ही? मतं तर संपले." तरी गुरुवारी सकाळी सरईटोल्याला जायला कुंडमची बस पकडली.

समारू धुर्वे आठवतो? स्थगिती मिळाली तेव्हा आपल्या घरी मोहाची फुलं घेऊन आला होता. आता डोळ्यांनी अधू झालाय, आवाजावरून ओळखलं. खाट टाकली, स्वतः खाली बसला. मी सगळं सांगितलं, हात जोडले. तो म्हणाला, "हम जानते थे, साहब. पटवारी उसी जाड़े में बता गया था."

मी विचारलं, मग मला का नाही बोललात?

"दूसरे वकील के पास गए थे हम. उन्होंने कहा, पहले गजभिये साहब से लिखवा लाओ कि उनको एतराज नहीं. अब आपसे ये कागज कैसे माँगते? आपको बुरा लगता."

एकता, ही आपल्या धंद्याची रीत. पहिल्या वकिलाची ना-हरकत असल्याशिवाय दुसरा फाइलला हात लावत नाही. एका ओळीचा कागद. माझी मान खाली जाऊ नये म्हणून त्यांनी तो मागितला नाही, आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा मलाच मत दिलं. मी विचारलं, मत तरी का दिलं? समारू म्हणाला, "वहाँ हमारा और कौन था?"

मी तिथे रडलो. लाज वाटली नाही. लाज वाटली ती निघताना, त्याने पिशवीभर चारोळी हातात दिली तेव्हा.

आता ऐक, तुझ्या कामाचं आहे. पटवाऱ्याने त्या हिवाळ्यात केस खारिज झाल्याचं गावाला कळवल्याचा पंचनामा केला होता आणि त्यावर समारूसकट नऊ जणांचे अंगठे आहेत. तो कागद सरकारकडे आहे. कदाचित फाइलीत कुठे दबलेला असेल, सरकारी वकिलाला सापडणारही नाही. मी तसा धोका पत्करला असता. शुक्रवारी नोटरीसमोर सहाव्या परिच्छेदासकट सहीही करून आलो होतो. घरी येऊन विचार केला, की तो कागद सापडला तर खोटं शपथपत्र दाखल करणारी वकील तू ठरशील. तुझी वकिली सहा वर्षांची, माझी संपलेली. मी शपथपत्र फाडलं.

आणि हे पत्र लिहून तुझी वाट बंद केली, तेही कळतं आहे. गप्प बसलो असतो तर तू निर्धास्त मनाने उभी राहिली असतीस आणि कदाचित गाव वाचलं असतं. आता तुला माहीत आहे, आणि माहीत असताना तू तसं म्हणणार नाहीस. त्यांच्याऐवजी तेव्हा मी मला निवडलं, आता तुला निवडलं. सरईटोल्याची पाळी माझ्याकडे कधी आलीच नाही.

सहावा परिच्छेद वगळून नवं शपथपत्र सोबत जोडलं आहे. 'नजरचुकीने' काढून खरं कारण लिहिलं आहे. वकिलीची सनद जाईल, जाऊ दे. केस यावर टिकणार नाही, हे तुलाही दिसेल.

बुधवारी सुनावणीला मी कोर्टात येईन, मागच्या बाकावर बसेन. समारू आणि ते सगळे पहिल्या बसने येणार आहेत. निकाल लागल्यावर ते बाहेर येतील आणि तिथे, सगळ्या वकिलांसमोर, आधी माझ्या पाया पडतील. मी त्यांना थांबवू शकणार नाही. तेवढा वेळ तू दुसरीकडे बघ.

तुझा,
बाबा