फक्की कोणाची?

शिरपूर, गुरुवार, जानेवारी १९७८

अमेरिकेहून आलेला भाचा विलास आज फार खुशीत होता. तिथं पंधरा जणांचं रग्बी जुनं. हा तेरा जणांचं रुजवून राह्यलाय.

"जुन्यायनं त्यायचंच मैदान देल्लं, मामा. दोन्ही खेळ संगंच वाढतीन."

"मैदानावर फक्कीच्या रेघा कोन मारते?"

"ते जुनेच मारतात."

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. आमच्या हुतूतूच्या मैदानावर कबड्डीवाले असेच गोडीनं आले होते. फक्की त्यांनीच आणली, मग पंचही त्यांचाच. पहिल्याच सामन्यात मी सवयीनं "हुतूतू" म्हणत चढाई केली, गडी मारून परतलो, तर पंचानं मलाच बाद दिलं. शब्द चुकला म्हणे, "कबड्डी" म्हणायला हवं होतं.

विलासला हे सांगितलं. तो हसला. फक्कीचं काय एवढं, म्हणाला.

त्या दिवशी कबड्डीवाल्यांची फक्की पडताना मीही हेच म्हणालो होतो.