प्रयागच्या कमरेला सोसतील अशा स्प्रिंगा

शेळगाव, ता. इंदापूर
वसुबारसेच्या आधीचा रविवार

प्रिय तात्याबा,

जळोचीच्या समस्त मंडळींना सर्जेरावाचा हात जोडून आणि आवाज खाली ठेवून नमस्कार. (आवाज खाली ठेवणं मला फक्त पत्रातच जमतं.) तुमचा गुडघा कसा आहे? वैनींचा खोकला थांबला का? म्हैस व्याली का? आणि ओघानेच विचारतो, तुमच्या बहिणीची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी शेक घ्यायला सांगितलं, दवाखाना तुमच्या घराजवळ, म्हणून प्रयाग तुमच्याकडे राहिली, हे मला मान्य आहे. पण ती तुमच्या गच्चीवर जिना चढून चकलीच्या भाजणीची डाळ वाळत घालते, अशी बातमी परवा अंथुर्ण्याच्या बाजारात मिळाली. गच्ची चालणाऱ्या कमरेला शेळगाव का चालू नये, हा माझा जाहीर सवाल आहे.

तुम्ही म्हणाल, कमरेचं खापर माझ्या गाडीवर आहे. कबूल. पण ती गाडी घेतली कुणासाठी? आमच्या लग्नाचं वऱ्हाड तुम्हीच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून पाठवलं होतं. नवरानवरी मागे, गादीवर. भवानीनगरच्या पुढे एक लाल, बिनछताची, दोनच माणसांची विलायती गाडी आम्हाला मागे टाकून गेली, आणि तोवर एक अक्षर न बोललेली तुमची बहीण म्हणाली, ''आपल्याला असली गाडी पायजे.'' तिचं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यानंतर मी सोसायटीच्या सभा गाजवल्या, उसाच्या भावावर घसा फोडला, वाचनालयातली कपाटं वाचून संपवली, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. शेवटी पुण्याच्या एका निवृत्त साहेबांच्या बंगल्यात तसलीच जुनी लाल गाडी ताडपत्रीखाली झाकलेली मिळाली. आणली. (मी गावाचा आबा, म्हणून गावात तिला ''आबाचा बेडूक'' म्हणतात. मी निषेध नोंदवला आहे.)

आता तुमच्याकडे येताना तिच्यासोबत झालेल्या त्या एकमेव सफरीविषयी. शेळगावातून निघालो तेव्हा प्रयागने नवी साडी नेसली होती, डोक्याला रुमाल बांधला होता. मी गाडीच्या इतिहासावर बोलत होतो. अंथुर्ण्यापर्यंत ती हसत होती, असं मला वाटलं. प्रत्यक्षात ती दात आवळून बसली होती. उसाच्या गाड्यांनी रस्त्याची जी दशा केली आहे, तिच्यावर मी तीन भाषणं दिलेली आहेत. पण खड्ड्यांवर भाषणाचा परिणाम होत नाही. जळोचीत तुम्ही आणि वैनींनी तिला दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, ''लग्नातली ट्रॉली बरी हुती.'' विरोधकांनी माझ्यावर आजवर पुष्कळ टीका केली, तात्याबा, पण इतकी नेमकी कुणालाच जमली नाही.

तेव्हापासून मी सस्पेन्शन या एका विषयाला वाहून घेतलं आहे. पुण्याच्या गॅरेजमधला सौरभ नावाचा जाणकार म्हणतो, अशा गाडीला कडक स्प्रिंगा आणि गॅसचे शॉकअप बसवा, गाडी दोन बोटं खाली घ्या, वळणावर रस्त्याला चिकटून पळेल. मी त्याला फोनवर ठणकावलं, ''अरे बाबा, मला वळणावर पळायचं नाही, मला बायको घरी आणायची आहे!'' माणूस दचकून फोन ठेवेल असं वाटलं होतं, पण त्याचंही लग्न झालेलं असावं. तो मऊ स्प्रिंगांवर आला. इकडे अंथुर्ण्याचा झुंबर, जो आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करत आला, तो गाडीखालून ओरडला, ''आबा, ट्रॉलीच्या स्प्रिंगचा एक पाटा वाढवू का? धा टन ऊस घातला तरी हलायची न्हाय!'' मी म्हणालो, ''माझ्या बायकोला धा टन म्हणतोस व्हय रे?'' तर म्हणतो, ''मी न्हाय म्हणत, तुमीच वैनीचं वजन सांगंना झालाय!''

इथेच घोडं अडलं. मऊ स्प्रिंग बसणाऱ्यांच्या वजनाबरहुकूम बांधावी लागते, आणि प्रयागचं वजन विचारण्याचं धाडस भर सभेत मंत्र्याला प्रश्न विचारणाऱ्या माझ्यासारख्या माणसानेही आजवर केलेलं नाही. म्हणून कारखान्याच्या सभासदांना दिवाळीची साखर मिळते, त्यातलं एक पोतं मी तिच्या जागी बसवलं, पट्टा लावला, सौरभने पाठवलेल्या तात्पुरत्या स्प्रिंगा झुंबरने चढवल्या आणि अंथुर्ण्यापर्यंत चाचणी घेतली. पारावरची मंडळी उठून उभी राहिली. ''आबा, वैनी लईच बारीक झाल्या की!'' एक म्हणाला. ''आन गप बी झाल्या!'' दुसरा. मी मान वळवली नाही. पण खरं सांगतो, खड्डा आला की माझा डावा हात आपोआप पोत्यापुढे आडवा जात होता.

पाडव्याला माणसाला ओवाळणारं कुणी असावं, हे माझं ठाम मत आहे. तुम्ही फोनवर म्हणालात, ''दाजी, भाऊबीज झाल्याबगर बहीण सोडायची न्हाय.'' तुमचा हक्क मी मान्य करतो. मात्र भाऊबीज पाडव्यानंतर येते. पाडव्याला ती इथे, भाऊबीजेला सकाळी तुमच्या दारात आणून सोडतो. विचार व्हावा.

आपला,
सर्जेराव

ता. क. तुमच्या दवाखान्यात वजनकाटा असेल. शेकाच्या निमित्ताने प्रयागला त्यावर उभी करून आकडा मला गुपचूप कळवा. मी विचारलं हे सांगू नका. सौरभ त्याच एका आकड्यासाठी अडला आहे.

दुसरा ता. क. आज पोतं काढून एकटाच निघालो होतो. गाडी पहिल्या वळणालाच माझ्या अंगाकडे कलली. झुंबर म्हणतो, ''ही आता दोगांच्या वजनावर बांधलीय, आबा. एकट्यानं चालवू नका.'' तिच्या जागी पोतं परत ठेववलं नाही. ढकलत घरी आणली.

तिसरा ता. क. वजनाचं राहू द्या. ती गाडीला नाहीच म्हणाली, तर पाडव्याच्या सकाळी ट्रॉली घेऊन येतो. गादी टाकून. ट्रॅक्टर झुंबर चालवेल, मी मागे तिच्याशेजारी बसेन. तिला सांगा, भवानीनगरपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही. लग्नाच्या दिवशी ट्रॉलीत मी बोललो नव्हतो, म्हणून ती बोलली होती.