सरकलेला पंचम

प्रिय वेदश्री,

तुझी धून मिळाली. फोनवर मी आधी समजावते आणि मग ऐकते, म्हणून हे पत्र. तू खाली एवढेच लिहिले होतेस, ‘शेवट स्वतः वाजवून बघ, मग सांग.’ तेव्हा तू इथे ठेवून गेलेले गिटारसारखे छोटे युकुलेले काढले, आणि जन्मभर गाणे शिकवलेली मी विद्यार्थिनी होऊन बसले.

शेवटच्या कॉर्डचे नाव तू दिले होतेस, ऑगमेंटेड मेजर सेव्हन्थ. नाव भारदस्त असले तरी रचना सरळ आहे. पेटीची पांढरी एक हा षड्ज धरला, तर चार तारा क्रमाने प, सा, ग, ध अशा येतात. मधल्या दोन मोकळ्या सोडायच्या. धैवताची तार दुसऱ्या पडद्यावर दाबली की शुद्ध निषाद मिळतो. आणि पहिली तार पहिल्या पडद्यावर दाबायची.

तिथेच अडले. पहिली तार पंचमाची! तानपुऱ्याचीही पहिली तार पंचमाचीच, आणि ती मोकळीच छेडायची. पंचम जागचा हलत नाही, हे मी किती मुलींकडून घोकून घेतले. बोट आपसूक उचलले जाई. परिणामी सा, ग, प, नि असा अतिशय गोड मेळ वाजे, आणि मला वाटले, जमले.

तुझे अप्पा मेथी निवडत ऐकत होते. म्हणाले, “गोड आहे की हो. पण आपल्या वेदूचं नव्हे हे.” मी म्हटले, तिचीच तार चढली असणार. “मग दुरुस्त करून पाठवा की, बाई! तुमची सवयच आहे.”

तुझी धून पुन्हा ऐकली. तार चढलेली नव्हती. मग बोट नेटाने दाबले. पंचम अर्ध्या स्वराने वर सरकला. वर निषाद षड्जाकडे ओढ घेतो आहेच. प्रत्येक स्वर आपल्या जागी बरोबर, पण मेळ कुठेच टेकत नाही. यानंतर एखादा स्थिर मेळ यावा अशी कानाची अपेक्षा असते. तू तो दिला नाहीस. विसरलीस, की मुद्दाम? लहानपणी कलघटगीला आत्याकडे राहायचे नसले की तू अर्धे ताट ठेवून गप्प बसायचीस, आणि आम्ही समजायचो, पोट भरले.

रविवारी अळणावरहून श्रीहर्षची मंडळी साखरपुड्याला यायची होती. मुलगा चांगला, घर चांगले, सगळे आपल्या जागी बरोबर. म्हणूनच मला काही उमजेनासे झाले आहे. कदाचित एका धुनीत मी नको तेवढे ऐकते आहे. तरीही आज सकाळी त्याच्या आईला फोन करून रविवार पुढे ढकलला. कारण विचारल्यावर म्हटले, माझीच तयारी झालेली नाही. ते खरेच आहे. तू घरी ये. होकार असो वा नकार, तुझ्या तोंडून ऐकायचा आहे. या वेळी दुरुस्त करणार नाही.

तुझीच, पहिले बोट अजून दुखणारी,
आई