अठरा फुटांची सावली

॥ श्री ॥

चिंचवड,
ता. ३ फेब्रुवारी १९५७

चि. यशवंत यास दुर्गाताईचे अ. उ. आ.

तुझे पत्र पावले. इंदूचा खोकला थांबला हे वाचून बरे वाटले. तिला ज्येष्ठमध चघळायला दे, आणि तिच्यासाठी आणलेल्या खारका तू खाऊ नकोस. मी तुला लहानपणापासून ओळखते.

इकडचे मात्र बरे नाही. शेजारच्या सोपानरावांनी लॉरी घेतली हे तुला मागे लिहिलेच होते. पिंपरीला कारखान्यांची बांधकामे चालली आहेत, तिथे खडी-वाळू पोचवायचे काम त्यांना मिळाले. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. लॉरीची पूजा झाली तेव्हा मी त्यांच्याकडचा पेढाही खाल्ला. पण आता त्या लॉरीसाठी त्यांनी परसात पत्र्याचे गॅरेज उभे केले आहे, आणि तेही माझ्या अंगणाला खेटून, पश्चिमेच्या अंगाला. आत लॉरी ठेवायची आहे की हत्ती, देव जाणे, इतके उंच. दुपारचे दोन वाजले की त्याची सावली अंगणात शिरते, तीनला धुण्याच्या दगडापर्यंत येते आणि मग संध्याकाळपर्यंत हलत नाही.

तुझे दाजी गेल्यापासून माझे पोट वाळवणावर चालते, हे तुला सांगायला नको. यंदा तर कारखान्याच्या वसाहतीतल्या बायकांनी आतापासूनच पापड-कुरडया सांगून ठेवल्या आहेत. परवा पहिला चीक शिजवून कुरडया घातल्या. संध्याकाळी उचलायला गेले तर खालून ओल्याच. आज त्यांना आंबूस वास येतो आहे. सगळ्या उचलून म्हशीपुढे टाकल्या. असेच चालले तर माझी चूल बंद होईल.

मी सोपानरावांकडे गेले, नीट बोलले, पत्रे थोडे खाली घ्या म्हटले. ते तसेच आत निघून गेले. चावडीवर चारचौघांत मात्र म्हणाले, की दुर्गाबाईला आता ऊन घेऊन काय करायचंय, सावलीत बसावं अन् देवदेव करावा. आणि मोजायला येणार तिचं हाय कोण, असेही म्हणाले. लोक हसले. कोण कोण हसले ते मी लक्षात ठेवले आहे.

यशवंता, मला ते पत्रे उतरलेले पाहायचे आहेत. आणि सोपानरावांच्याच हातांनी उतरवलेले पाहायचे आहेत. तू इतकी वर्षे खेडच्या कचेरीत कागद चाळतोस, त्यातला एखादा बहिणीच्या कामी येऊ दे.

उत्तर टपालानेच धाड. माणसाबरोबर धाडलेली पत्रे इथे वाटेत वाचली जातात. इंदूला आशीर्वाद, आणि बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
दुर्गाताई


॥ श्री ॥

चाकण,
ता. ९ फेब्रुवारी १९५७

ती. गं. भा. दुर्गाताईस यशवंताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. इंदूने ते हातात घेतले आणि म्हणाली, की वन्संचा कागद अजून गरम लागतो आहे. खारकांचा आरोप मला मान्य आहे.

ताई, आधी एक सांगतो, मग रागाव. शेजार जन्माचा असतो. सोपानरावांच्या आईने, गोजाबाईंनी, तुझ्या दुखण्यात तुला दोन महिने भाकरी पोचवली होती. शब्दाने मिटत असेल तर पुन्हा एकदा जाऊन बघ.

मिटत नसेल तर नियम असा आहे. ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय असे बांधकाम करता येत नाही. परवानगीत उंची लिहिलेली असते, आणि हद्दीपासून पाच फूट जागा मोकळी सोडावी लागते. तू सरपंचांच्या नावे अर्ज कर आणि मोजणी माग. अर्जात शिव्या घालू नकोस. शिवी दिसली की अर्ज बाजूला पडतो, हे मी रोज पाहतो. तुझ्या सासऱ्यांनी आणि सोपानरावांच्या वडिलांनी परसाची वाटणी केली तेव्हाचा एक कागद दाजींच्या पेटीत असला पाहिजे, तोही शोधून ठेव.

प्रकृतीला जप. रागात जेवण टाकायची तुझी जुनी खोड आहे, ती या वेळी नको. धाकट्यावर लोभ आहेच, तो तसाच असू दे.

तुझा,
यशवंत


॥ श्री ॥

चिंचवड,
ता. २७ फेब्रुवारी १९५७

चि. यशवंत यास अ. उ. आ.

अर्ज केला. एकही शिवी घातली नाही, त्यामुळे दोन दिवस माझे डोके दुखत होते.

मोजणी झाली! सरपंच नानासाहेब स्वतः आले, बरोबर टेपवाला माणूस. परवानगी दहा फूट उंचीची आहे आणि बांधले आहे अठरा फूट. टेपवाल्याने आकडा मोठ्याने सांगितला तेव्हा मी मुद्दाम ऐकू आले नाही असे म्हटले, मग त्याने आणखी मोठ्याने सांगितला. सोपानराव मिशीशी चाळा करीत उभे होते.

दाजींच्या पेटीत तो कागदही मिळाला. चंद्रसूर्य कोरलेला दगड ती हद्द, दगडाच्या उगवतीला आमचे, मावळतीला त्यांचे, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. पण दगड कुठे आहे? गुडघ्याएवढा काळा दगड होता. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याच्यावर फडकी वाळत घातली आहेत. आता त्या जागी गॅरेजची भिंत आहे. असा दगड कधी नव्हताच, असे सोपानराव सरळ म्हणाले. दगड नाही तर हद्द कुठून धरायची, म्हणून नानासाहेबांनी पाच फुटांचा मुद्दा सोडून दिला.

तरी उंचीवर नोटीस निघाली आहे. पंधरा दिवसांत वरचे आठ फूट उतरवायचे, नाहीतर पंचायत माणसे लावून उतरवील. सोपानराव स्वतः चढतील असे दिसत नाही, पण माणसांनी उतरवले तरी मी गोड मानून घेईन. गोजाबाई हल्ली माझ्याशी बोलत नाहीत. वाईट वाटते, पण त्याला माझा इलाज नाही.

इंदूला सांग, की यंदाच्या कुरडया उशिरा येतील पण येतील. तुम्हा दोघांना बहिणीचे उदंड आशीर्वाद.

दुर्गाताई


॥ श्री ॥

चिंचवड,
ता. १६ मार्च १९५७

चि. यशवंत यास अ. उ. आ.

काल मुदत संपली. पंचायतीची चार माणसे पहारी घेऊन आली. मी सकाळीच अंघोळ करून ओट्यावर पाट टाकून बसले होते. आणि काय झाले ऐक. गॅरेजचे दार उघडले आणि चौघांनीही पहारी खाली ठेवून पायांतल्या वहाणा काढल्या.

आत पलीकडच्या भिंतीशी म्हसोबा! शेंदराने थापलेला, पुढे नारळ, लिंबे, उदबत्त्या. सोपानराव हात जोडून उभे. म्हणाले, की ह्यो आमच्या पणज्यापासूनचा देव, या जागेवरनं तसूभर हलल्याला न्हाई, आमी नुसता त्याला आडोसा केलाय, अन् हितं जो कुनी पत्र्याला हात लावंल तो रगत ओकून मरंल. झाले. माणसे निघून गेली. आडोसा अठरा फूट उंच कशाला, आणि लॉरी आत यायला जागा उरेल असा नेमका मावळतीच्या भिंतीशी देव कसा, हे कोणी विचारले नाही.

सत्तावीस वर्षे मी त्या परसाकडे तोंड करून भांडी घासली. तिथे देव असता तर मला दिसला नसता का? नानासाहेबांनाही ठाऊक आहे, पण देवाविरुद्ध कोण बोलणार? सगळे पाया पडले. चार लोकांत मलाही पडावे लागले, आणि त्या वेळी सोपानराव माझ्याकडे पाहून हसले. एकट्या गोजाबाई पाया पडल्या नाहीत, दारातूनच परत फिरल्या.

कालच्या कुरडयाही गेल्या. आता वसाहतीतल्या दोन बायकांनी दुसरीकडे सांगितले आहे. माझ्या अंगाची लाही होते आहे, यशवंता. सबुरीने घे असे लिहिणार असशील तर लिहूच नकोस.

तुझी,
दुर्गाताई


॥ श्री ॥

चाकण,
ता. २१ मार्च १९५७

ती. गं. भा. दुर्गाताईस शि. सा. न. वि. वि.

सबुरीने घे असे लिहीत नाही. तुझे पत्र वाचून मला जेवण गेले नाही. माझ्या बहिणीकडे पाहून हसतो म्हणजे काय?

म्हसोबाविरुद्ध अर्ज घेणारे टेबल आमच्या कचेरीत नाही. तेव्हा तू देवाशी भांडू नकोस. पंचायतीपुढे जा आणि म्हण, की देव जुना आहे तर त्याची रीतसर नोंद व्हावी, पुढे कोणी वाद घालू नये. देव कधीचा, कोणी रोवला, जागा कोणती, कधी हलवला का, हे सारे सोपानरावांच्या तोंडून वदवून शब्दाला शब्द पंचनाम्यात येऊ दे. त्याखाली त्यांची सही, पंचांच्या सह्या. याचा पुढे काय उपयोग होईल ते मला आज सांगता येत नाही. पण खोटे सांगणारा माणूस भीतीपोटी गरजेपेक्षा जास्त सांगतो, एवढे मी नोकरीत पाहिले आहे.

आणि तोवर तू त्या देवाची भक्तीण हो. रोज पाणी घालायला जा. देवाच्या दारातून तुला कोण हाकलणार?

इंदूचा नमस्कार. ती म्हणते, कुरडया नसल्या तरी चालतील, पण वन्संचे नाक वर राहिले पाहिजे. माझेही म्हणणे तेच.

तुझा,
यशवंत


॥ श्री ॥

चिंचवड,
ता. १२ एप्रिल १९५७

चि. यशवंत यास अ. उ. आ.

तू सांगितलेस तसे केले. नोंद करा म्हटल्यावर सोपानराव इतके खूश झाले, की मला वहिनी म्हणाले. पंचांसमोर बेलभंडारा उचलून त्यांनी शपथ घेतली. देव चार पिढ्यांचा, पणज्याने रोवलेला, आज आहे त्याच जागी, कधीही कोणीही हलवलेला नाही. पाच पंचांच्या सह्या झाल्या. नक्कल सोबत पाठवते आहे, जपून ठेव.

माझी भक्ती जोरात आहे. रोज सकाळी पाणी घालते आणि एकेक फूल निवडून वाहते. तोवर लॉरी रस्त्यावर उभी राहून हॉर्न वाजवते. देवासमोर चाक कसे आणायचे, असे मी एकदा म्हटले, तर आळीतल्या बायकांनी ते उचलून धरले. त्याही आता येतात. पिंपरीहून मुकादमाचा निरोप आला, की खडी उशिरा का येते. ऐकून मला फार बरे वाटले.

एक चमत्कारिक गोष्ट झाली. काल विहिरीवर गोजाबाई आपण होऊन बोलल्या. म्हणाल्या, की म्हसोबाला अवसेला कढत पान्यानं न्हाऊ घालत्यात, जुना शेंदूर पार खरवडून नवा चढवत्यात, आमच्यात तशी रीत हाय. आणि त्या वेळी नानासाहेबांस्नी बोलाव, असे म्हणून माझ्याकडे न बघता घागर उचलून गेल्या. त्यांच्यात अशी रीत मी कधी ऐकली नाही. पण म्हातारीने सांगितले आहे तर करून बघते. उन्हाळा अर्धा सरला, माझा एकही डबा भरलेला नाही.

तुमच्या दोघांच्या खुशालीची वाट पाहते.

दुर्गाताई


॥ श्री ॥

चिंचवड,
ता. २९ मे १९५७

चि. यशवंत यास दुर्गाताईचे अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच, आणि इंदूला शेजारी बसव.

अवसेला नानासाहेबांना आणि पंचांना प्रसादाला बोलावले. बायका जमल्या. सोपानराव धोतर सावरीत पुढे पुढे करीत होते. मी हंडाभर कढत पाणी ओतले आणि नारळाच्या शेंडीने शेंदूर खरवडायला घेतले. दोन बोटे जाड थर निघाला. त्याखाली सूर्य निघाला. मग चंद्र निघाला.

मी कनवटीचा कागद काढून नानासाहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, मग पंचनामा मागवून तोही मोठ्याने वाचला. चंद्रसूर्याचा दगड ती हद्द. दगड चार पिढ्या आहे त्याच जागी, कधीही हलवलेला नाही. आणि दगड मावळतीच्या भिंतीशी. म्हणजे अख्खे गॅरेज माझ्या जागेत! सोपानरावांनी दगड मी आणून ठेवला म्हणावे, तर बेलभंडारा खोटा उचलला असे होते. चावडीवर हसलेले चौघेही तिथे होते, ते खाली बघत होते.

गॅरेजच्या पायात घालण्यासाठी सोपानराव तो दगड फोडणार होते, हे मला गोजाबाईंनी नंतर सांगितले. हद्दीचा दगड फोडणाऱ्याचा वंश बुडतो, म्हणून त्यांनी तो फोडू दिला नाही, कडब्याच्या गंजीखाली ठेवायला लावला. नोटीस आल्यावर घाईत देव करायला नेमका तोच हाती लागला. हे सांगताना त्या रडल्या. लेकाची चावडीवर शोभा करू नकोस, एवढेच त्यांनी मागितले, आणि मी शब्द दिला.

पंचायतीने आठ दिवसांत पत्रे काढायला सांगितले. पण काढणार कोण? हात लावील तो रक्त ओकेल, हे सोपानरावांनीच सांगून ठेवलेले. एकही मजूर मिळाला नाही. शेवटी स्वतः शिडी लावून चढले. पाच दिवस लागले, यशवंता. पाचही दिवस मी ओट्यावर पाट टाकून बसले होते. एकदा त्यांनी पाणी मागितले, ते मी दिले. लॉरी आता रस्त्याकडेच्या चिंचेखाली असते, कावळे तिची रोज पूजा करतात.

आता तुला म्हणून खरे लिहिते. खरी हद्द कुठे होती ते मला ठाऊक आहे. ती गॅरेजच्या माझ्याकडच्या भिंतीच्या जागी होती, एवढी जागा माझी नव्हती. सोपानरावांनाही ठाऊक आहे. पण त्यांना ते बोलता येत नाही आणि मला ते बोलायचे नाही. त्यांचे खोटे आता मलाही जन्मभर सांभाळायचे आहे. तू रागावशील. राग आला तर ये आणि समोर बोल, पण मी जागा सोडणार नाही.

लॉरीसाठी त्यांनी खाली सिमेंटचा कोबा केला होता. काय गुळगुळीत कोबा आहे! सकाळी सातपासून सहापर्यंत ऊन. तीन दिवसांत सगळ्या कुरडया कडकडीत वाळल्या, वसाहतीतल्या त्या दोन बायकाही परत आल्या. गोजाबाई काठी घेऊन चिमण्या हाकायला बसतात. सोपानराव दर शनिवारी देवाला शेंदूर लावायला येतात, न येऊन सांगतात कोणाला. येताना वाळवणावर पाय पडू नये म्हणून कडेकडेने येतात.

त्यांनी मला देवदेव करायला सांगितले होते, तो मी करते आहे. फक्त उन्हात बसून करते.

सोबत कुरडयांचा डबा आहे, अर्धा इंदूचा. बहिणीला विसरू नका.

तुझी,
दुर्गाताई