निलंबनाच्या पत्रातला दुसरा परिच्छेद

डॉफिन, मॅनिटोबा
१२ ऑगस्ट

प्रिय लेस्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडून टाकायच्या आधी एवढं एक वाक्य वाच: तुझा बाप विद्यार्थी झालाय! चेष्टा नाही. खोटं वाटत असेल तर आईला फोन करून विचार. तिचे फोन तू घेतेस, माझे घेत नाहीस, म्हणून तर कागद-पेन घेऊन बसलोय. माझ्या नावाचं ओळखपत्र आलंय. त्यावरच्या फोटोत मी नुकत्याच पकडलेल्या कोंबडीचोरासारखा दिसतो, पण खाली ठळक अक्षरांत ‘विद्यार्थी’ असं छापलंय. सत्तावन्नाव्या वर्षी! सकाळपासून ते मी चार वेळा खिशातून काढून पाहिलं. टपाल कचेरीतल्या बाईंना दाखवलं, डिझेल भरणाऱ्या माणसाला दाखवलं. आता फक्त गुरांना दाखवायचं राहिलंय.

नीट पहिल्यापासून सांगतो. तू मे महिन्यात घर सोडून रेजायनाला मैत्रिणीकडे गेलीस. विद्यापीठानं तुला एक वर्षासाठी काढलंय हे तू जेवणाच्या टेबलावर सांगितलंस, आणि मी म्हणालो, “हनात्युकांच्या घरात आजवर कुणाला कुठून हाकललेलं नाही.” तू ताटातली होलुब्त्सी, आईनं केलेल्या कोबीच्या गुंडाळ्या, तशाच टाकून उठलीस. आई तुझ्यामागे अंगणापर्यंत धावली, मी मात्र बसून राहिलो आणि सगळं जेवलो. चव कसलीच लागत नव्हती. जूनभर तुझी आई माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. तू तिथं बेकरीत पहाटेची पाळी करतेस, हे मला तिच्याकडूनच कळलं. जुलैत गवताची पहिली कापणी उरकली आणि मी एका मंगळवारी तिला म्हणालो, “गठ्ठे बांधायच्या बेलरचा पट्टा आणायला विनिपेगला जातो.” तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “चर्चचा कोट घालून?”

तर चर्चचा कोट घालून मी तुमच्या विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयात गेलो. यंत्रातून नंबराची चिठ्ठी घेतली आणि बाकावर बसलो. आजूबाजूला सगळी तुझ्या वयाची पोरं. माझा नंबर आल्यावर खिडकीशी एक ठेंगणी, हसतमुख बाई होती, पाटीवर नाव मॅरिसेल. मी म्हणालो, “माझी मुलगी इथं भूगर्भशास्त्र शिकते. तिला एक वर्षासाठी काढलंय. काय करता येईल ते सांगा.” ती म्हणाली, “साहेब, तुमची मुलगी इथं शिकते की नाही, हेच मी तुम्हाला सांगू शकत नाही.” मी म्हणालो, “तुम्ही कशाला सांगता? मीच सांगतोय ना, शिकते!” “तुम्ही सांगू शकता. मी नाही.” “अहो, मी बाप आहे तिचा!” “दिसतंच आहे. पण ती अठराच्या पुढची आहे ना? मग तिची सही आणा.” आता तुझी सही मी कुठून आणणार होतो? तू माझा फोनसुद्धा घेत नव्हतीस. मी तिथंच उभा राहिलो. मागे रांग वाढत होती. माझं तोंड बघून तिला दया आली असावी. ती थोडी पुढे वाकली आणि म्हणाली, “बरं, समजा, एक मुलगी आहे. मी कुणाचंही नाव घेत नाहीये. समजा.”

मग तिनं त्या समजा-मुलीबद्दल सांगितलं. अशा मुलीची गुणांची सरासरी साडेचारपैकी दोनच्या खाली गेली की पहिल्यांदा तिला ताकिदीवर ठेवतात. पुढच्या खेपेलाही वर आली नाही, तर एक वर्ष निलंबन. त्याचं पत्र तिला जातं. “पत्राच्या पहिल्या परिच्छेदात निकाल असतो आणि दुसऱ्यात पुढचा रस्ता,” मॅरिसेल म्हणाली. “आणि सांगते तुम्हाला, निम्मी मुलं दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचतच नाहीत. पहिला वाचतात, रडतात, सामान बांधतात.” दुसऱ्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की वर्ष संपल्यावर परत अर्ज करता येतो. आणि घरात मोठं आजारपण किंवा मरण असं काही घडलं असेल तर वर्षभर थांबायचीसुद्धा गरज नाही. लेखी पुरावा जोडून अपील करायचं. मुदत २२ ऑगस्ट, दुपारी साडेचार. अपील मान्य झालं तर सप्टेंबरातच वर्गात बसता येतं.

मी सगळं कोटाच्या खिशातल्या वहीत लिहून घेत होतो. हा दुसरा परिच्छेद लिहिता लिहिता मात्र माझा हात थांबला. मी विचारलं, “हे दुसऱ्या परिच्छेदाचं नवीन आहे का? म्हणजे, हल्लीच सुरू झालं?” ती म्हणाली, “मी एकोणीस वर्षं इथं आहे. माझ्या आधीपासून आहे. का हो?” मी म्हणालो, “नाही, सहज.” तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. “साहेब, तुम्ही स्वतः कधी इथं होतात का?”

लेस्या, त्या खिडकीपाशी मी अडतीस वर्षांत पहिल्यांदा ‘हो’ म्हणालो.

माझा विद्यार्थी क्रमांक मला पाठ होता. लग्नाची तारीख मी दोनदा विसरलोय, पण तो सात आकडी नंबर नाही. मॅरिसेलनं तो टाइप केला आणि म्हणाली, “तुमची माहिती मात्र मी तुम्हाला देऊ शकते,” आणि पडदा माझ्याकडे वळवला. ओरेस्ट हनात्युक, कृषिविज्ञान, १९८५-८६. सरासरी शून्य पूर्णांक नऊ. तुझी किती आली ते मला माहीत नाही, कुणी सांगतही नाही, पण बापाच्या खाली तू गेली असशील असं वाटत नाही. त्याच्याखाली निलंबन, आणि त्याच्याखाली एक ओळ: मे १९८७ पासून पुनर्प्रवेशास पात्र.

तू लहानपणापासून ऐकत आलीस की आजोबांची पाठ गेली म्हणून मला शिक्षण सोडून शेतावर यावं लागलं. आजोबांच्या पाठीला काहीएक झालं नव्हतं. सत्तरीपर्यंत ते गवताचे गठ्ठे फेकत होते, तू पाहिलंयस. मला काढून टाकलं होतं. पहिल्यांदाच घर सोडून गेलो होतो, वर्गात दोनशे पोरं, गणिताचे सर काय बोलतात ते कळत नव्हतं, आणि कळत नाही हे कुणाला सांगायची लाज वाटत होती. मग वर्गात जाणंच सोडलं. पत्र आलं तेव्हा ‘कळवण्यास खेद होतो’ इथपर्यंत वाचलं आणि वसतिगृहामागच्या कचरापेटीत टाकलं. घरी येऊन म्हणालो, माझं मन इथंच लागतं. आजोबांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारीपाजारी बोलावून जेवण घातलं. त्या पंगतीत मी काय सांगणार होतो? पाठीची गोष्ट नंतर जुळवली, लोक विचारायला लागल्यावर. सांगत सांगत ती मला इतकी पाठ झाली की कधीकधी खरीच वाटायची. दार उघडं होतं, लेस्या. वर्षभरानंतर कधीही जाता आलं असतं. मी पत्र पुरतं वाचलंच नाही.

मॅरिसेलनं मला रडू दिलं. बॉक्समधला कागदी रुमाल पुढे केला, मागच्या पोराला दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, आणि मग कॉफी हवी का विचारावं तसं विचारलं, “परत यायचंय?”

आता खरी मजा ऐक! परतीचा अर्ज दोन पानी असतो. ‘मधल्या काळात काय केलंत’ यासाठी चार ओळी ठेवल्यात. मी लिहिलं, ‘गहू, कनोला, गुरं, एक मुलगी.’ जागा उरली. जुने गुण पुसले जात नाहीत, ते कागदावर तसेच राहतात. पण नापास झालेला विषय पुन्हा घेतला तर त्याचे नवे गुण धरतात. म्हणून मी तेच गणित घेतलंय! तेच, ज्यानं मला आडवं पाडलं. आता ते घरबसल्या संगणकावर शिकता येतं. मला ताकिदीवर घेतलंय, म्हणजे डिसेंबरात दोनच्या खाली गेलो की परत बाहेर. तुझा बाप ताकिदीवर आहे, आणि इतका खूश तो वर्षानुवर्षं नव्हता.

पण जागा मिळणं सोपं नव्हतं. नोंदणीची वेळ प्रत्येकाला ठरवून देतात हे तुला माहीत आहे, मला नव्हतं. माझी ६ ऑगस्टला सकाळी दहा वीस. घरचं इंटरनेट ऐन वेळी झोपतं, म्हणून गावातल्या वाचनालयात नऊलाच जाऊन बसलो. दहा वीसला बटण दाबलं. वर्ग भरलेला! प्रतीक्षा यादीत तिसरा. परत येताना सगळ्या रस्त्याभर त्या दोन पुढच्या माणसांना मी मनातल्या मनात दुसरे विषय सुचवत होतो. शुक्रवारी दुपारी कनोला कापताना फोन वाजला: जागा रिकामी झाली आहे, चोवीस तासांत स्वीकारा, नाहीतर पुढच्याला दिली जाईल. आणि स्वीकारायचं पान काही केल्या उघडेना. पडद्यावर नुसतं ते चक्र गोल गोल फिरत बसलं. चोवीस तास होते खरे, पण मला चोवीस मिनिटं धीर नव्हता. यंत्र तिथंच उभं केलं, धावत अंगणात आलो आणि धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर चढलो, पार टोकाला, जिथं सिग्नल येतो. खालून तुझी आई ओरडतेय, “ओरेस्ट! खाली उतर! या वयात पाय मोडून घेतलास तर मी नाही हं करणार काही!” मी एका हातानं शिडी धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबलं. हिरवी खूण आली. मी असा बोंबललो, “घेतलं! मला घेतलं!” की पलीकडच्या शेतात पेट्रोनं आपलं यंत्र बंद केलं. त्याला वाटलं मी पडलो.

आई म्हणाली, “कुणी घेतलं तुला? कुठं?” मी उतरलो आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं. विनिपेग, खिडकी, शून्य पूर्णांक नऊ, पाठीची गोष्ट. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “एवढंच? कोट घालून गेलास तेव्हा मला वाटलं, तिकडं दुसरी कुणी ठेवलीयस.” आणि हसायला लागली. गेल्या हिवाळ्यातल्या तिच्या ऑपरेशननंतर ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. मग डोळे पुसले आणि म्हणाली, “अडतीस वर्षं माझ्याशी खोटं बोललास, त्याचं मी बघून घेईन. पण आपल्या पोरीला टेबलावर जे बोललास, त्याचं काय?”

म्हणून हे पत्र. सोबत दोन पानं वेगळी जोडली आहेत, ती तुझ्या अपिलासाठी. अपील तुझं आहे, सही तुझीच चालते. करायचं की नाही ते तू ठरव, नको असेल तर फाड. आईच्या डॉक्टरांचं पत्र त्यांच्या मागे लावलंय. त्या दोन पानांत मी लिहिलंय की फेब्रुवारीत आईला रोज किरणोपचारासाठी ब्रँडनला न्यायचं होतं, इथं पहिलटकरणी गायी व्यायला आल्या होत्या, आणि मी तुला फोन करून म्हणालो, “ये, आईला तू घेऊन जा.” तू म्हणालीस, “तातो, या आठवड्यात माझ्या दोन परीक्षा आहेत.” आणि मी म्हणालो, “परीक्षा दर वर्षी येतात.” तू आलीस. पाच आठवडे बर्फातून गाडी चालवलीस आणि परीक्षांचं परत एकदाही बोलली नाहीस. मे महिन्यात टेबलावर मी तोंडाला येईल ते बोललो तेव्हाही नाही. पेट्रोला महिनाभर गुरं बघ म्हटलं असतं तर तो आला असता. मी विचारलंच नाही, कारण तुला सांगणं सोपं होतं. माझं चुकलं, पोरी. हे सगळं तारखांसकट लिहून खाली सही केली, आणि मग कुणी मागितलेली नसताना एक ओळ आणखी लिहिली: माझी मुलगी नापास झालेली नाही, तिला परीक्षेला मी बसू दिलं नाही.

तुझाच,
तातो