कच्च्या टाक्यांचं हृदय

वर्धा,
७ जानेवारी २०२५

तीर्थरूप आईस,
वर्षालीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आणि हृदयाचं चित्र कंडक्टर धर्मेंद्रभाऊंच्या हाती मिळालं. मुक्त शाळेच्या आठवीच्या परीक्षेत तीन तास हात चालवायचा, तर अभ्यास मोबाइलवर सांगायचा नाही, लिहूनच दाखवायचा, हा आपला करार तू पाळतेस. शाबास. सातवीनंतर एकदम चव्वेचाळिसाव्या वर्षी पेन धरलंस, त्या मानानं अक्षरही चांगलं आहे.

ऊतींचं उत्तर आवडलं. पण अभिस्तर ऊती म्हणजे ब्लाउजचं अस्तर आणि स्नायू म्हणजे इलास्टिक, असं परीक्षेत लिहू नकोस. तपासणारे तुझ्यासारखे शिंपी नसतील. हृदयाला मात्र दहापैकी चारच गुण दिलेत, लाल पेनानं. कागदाच्या डाव्या अर्ध्यावर तू ‘उजवे कप्पे’ लिहिलंस आणि उजव्या अर्ध्यावर ‘डावे’. एवढं बालवाडीतल्या पोरालाही कळतं. मी पहिल्या वर्षाची का होईना, नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. दहा वेळा लिहून पाठव.

माझी शरीररचनेची तोंडी परीक्षा झाली. बाकी सगळं ठीक.

तुझी लेक आणि तात्पुरती गुरुजी,
वर्षाली

तळेगाव (श्यामजी पंत),
१२ जानेवारी

चि. वर्षाली हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

लाल पेन पाहून तुझे बाबा दोन दिवस हसत होते. तिसऱ्या दिवशी माझ्या अभ्यासापायी वरण करपलं, तेव्हा हसू थांबलं. म्हणाले, “माह्या पोटातल्या ऊती उपाशी हायेत, त्याईले काई देशीन का नाई?”

दहा वेळा लिहिलेलं नाही. गुरूची आज्ञा मोडली, कारण ऐक. मी नवी नवी शिवायला लागले तेव्हा रुख्माबाईंनी ब्लाउजला आतून डावीकडे चोरखिसा सांगितला होता. त्या समोर उभ्या, मी माझ्या डाव्या हाताकडची बाजू धरली आणि खिसा लावून मोकळी झाले. तो गेला त्यांच्या उजवीकडे. भरबाजारात भाजीवाल्यासमोर बाई पदराआड हात घालून खिसा शोधत राहिल्या. सहा महिने माझ्याकडे काही शिवायला टाकलं नाही. तेव्हापासून माझा नियम पक्का झाला: डावं-उजवं घालणाऱ्याचं, शिवणाऱ्याचं नाही. चित्रातलं हृदय असलेला माणूसही आपल्याकडे तोंड करूनच उभा असतो ना? पुस्तक उघडून पाहिलं, तर त्यातही माझ्यासारखंच आहे. तूही एकदा उघड.

आणि काही बिनसलं की तू ‘बाकी सगळं ठीक’ म्हणतेस. सहावीत नवी चप्पल हरवली तेव्हाही हेच म्हणाली होतीस. तोंडी परीक्षेत काय झालं ते लिही. मी रागावणार नाही. रागावले तरी ते पत्र वर्ध्याला पोचेपर्यंत राग उतरलेला असेल.

तुझी नापास विद्यार्थिनी,
आई

वर्धा,
१६ जानेवारी

ती. आईस,
नमस्कार.

पुस्तक उघडलं. तुझं बरोबर आहे. आणि नापास विद्यार्थिनी तू नाहीस, मी आहे.

मॅडमनी माणसाच्या धडाचं मॉडेल समोर ठेवून हृदयाचे डावे कप्पे दाखवायला सांगितले. मी माझ्या डाव्या हाताकडचे दाखवले. पुढे यकृतही मॉडेलच्या डावीकडे दाखवलं आणि जठर त्याच्या उजवीकडे. मॅडम रागावल्या नाहीत. चुकीच्या बाजूला इंजेक्शन दिलंस तर पेशंटनं कोणाकडे पाहायचं, एवढंच त्यांनी विचारलं. ते जास्त लागलं.

चोवीस तारखेला पुन्हा एक संधी आहे. त्यातही गेले, तर उन्हाळ्यातल्या परीक्षेला बसता येणार नाही आणि वर्ष जाईल. नावं सगळी पाठ आहेत गं, पण मॉडेल समोर आलं की डावं-उजवं गरगर फिरतं. परवा तर बॅग भरून बसस्टँडपर्यंत गेले होते. धर्मेंद्रभाऊंनी तिकीट कुठलं विचारलं, तेव्हा रडू आलं आणि परत फिरले.

तुझ्या चित्रावर लाल पेन चालवताना मला बरं वाटलं होतं, की कुणापेक्षा तरी मला जास्त येतं. त्याची फार लाज वाटते आहे. बाबांना सांगू नकोस.

तुझी,
वर्षाली

तळेगाव,
१९ जानेवारी

चि. वर्षालीस,
पोटभर आशीर्वाद.

बाबांना सांगितलं नाही. पत्र त्यांच्याच हाती पडलं आणि त्यांनी माझ्याआधी वाचलं. मशीनला तेल घातलं आणि म्हणाले, “पोरीले काई तरी शिवून पाठव. काऊन बसून राह्यली?”

सोबत पांढरा अ‍ॅप्रन आहे. छातीपोटाला मुद्दाम अस्तर लावलं आहे आणि त्यावर कच्च्या टाक्यांनी हृदय काढलं आहे. उजवे कप्पे निळ्या दोऱ्याचे, डावे लाल. खाली उजवीकडे यकृत, डावीकडे जठर. चार दिवस रोज अंगात घाल, एकेका जागेवर हात ठेव आणि नाव घे. मॉडेल समोर आलं की त्याच्याकडे मागून पाहायचं नाही, पुढून पाहायचं नाही. मनानं ते अंगात घालायचं.

तेवीस तारखेला सगळे टाके उसवून टाक. कच्चे आहेत, एका ओढीत निघतील. कॉपी करणारी पोरगी मी वाढवलेली नाही. आणि पास झालीस काय नि नाही काय, बॅग घेऊन आलीस तर दार उघडंच आहे. पण येशील तर सुट्टीत ये, पळून येऊ नको.

तुझ्यावर जीव असलेली,
आई

वर्धा,
२४ जानेवारी

ती. आईस,
वर्षालीचा वाकून नमस्कार.

टाके काल उसवले. आज मॅडमनी मॉडेल मुद्दाम माझ्याकडे तोंड करून ठेवलं आणि डावे कप्पे विचारले. माझा हात आपोआप आधी माझ्या छातीवर गेला, मग मॉडेलवर. यकृत, जठर, प्लीहा, सगळं जागच्या जागी सापडलं. पास झाले, आई. हे कुठल्या पुस्तकातून शिकलीस, असं मॅडमनी विचारलं. मी सांगितलं, तळेगावच्या एका चोरखिशातून. मग सगळी गोष्ट सांगावी लागली. रुख्माबाईंना सांगू नकोस.

तुझी परीक्षा जवळ आली आहे. तुझं चित्र परत पाठवते आहे, चारावर काट मारून दहा केले आहेत. सोबत मी काढलेलं हृदय आहे आणि माझं लाल पेनही. आता तू तपास.

तुझी विद्यार्थिनी,
वर्षाली